हात ठेव, भार नको

हानुसमामाच्या उजव्या हाताला आता कळत नाही
कप गरम आहे की गार.
डॉक्टर मज्जातंतूंचं काहीतरी सांगतात.
तो म्हणतो, थंडीनं खाल्लं.
चाळीस वर्षं कड्याच्या कपारींत घातलेला हात,
कधीतरी ती आपला वाटा घेणारच.

फेरो बेटांवर धुकं विचारून येत नाही.
सकाळी समोरचं बेट असतं, दुपारी नसतं.
माझ्या ड्रोनचे दोन्ही कॅमेरे, महागडे,
पांढऱ्या भिंतीकडे बघत घिरट्या घालायचे
आणि बॅटरी संपत आली की भेदरून परत.
त्याला बसायचं होतं पक्ष्यांच्या वस्तीत,
दिवसभर, पंखे बंद करून, अंडी मोजत.
बसायचं, इतकंच.
उडणं केव्हाच जमलंय.

म्हणून मी त्याला पाय दिले,
पायांना बोटं, बोटांना सिलिकॉनची मऊ पेरं,
पेरांच्या आत केसाएवढ्या तारा,
दाबलं की आकडा बदलणाऱ्या.
शेडमधल्या लाकडी दांड्यावर छान बसला.
कड्यावर नेला, तर नुसती धरसोड:
टेकला, दचकला, सुटला, पुन्हा टेकला,
आणि एकदा इतकं करकचून धरलं
की दगडाचा पापुद्राच निघून हातात आला
आणि दोघं मिळून समुद्रात.
दुसरा बांधायला सात आठवडे.

मामाला विचारलं, तू कसं ओळखायचास
कुठला दगड कुजका?
बराच वेळ बोलला नाही. मेंढीच्या सुक्या मांसाचा
तुकडा कापत राहिला, डाव्या हातानं, वेडावाकडा.
मग म्हणाला,
हात ठेवायचा, भार नाही ठेवायचा.
दगड आधी सांगतो.
हलतो असं नाही. नुसता
आतून जरा कुरकुरतो.
तेवढ्यात सोडता आलं पाहिजे.
धरायला सगळेच शिकवतात.

आणि पफिनच्या बिळात?
बिळात काय, खांद्यापर्यंत हात. काळोख.
आधी माती, मग पिसं, मग चावा.
चावा आला की समजायचं, पत्ता बरोबर.
हसला, आणि आपल्या हाताकडे असं पाहिलं
जणू तो शेजाऱ्याचा आहे.

त्या रात्री मी प्रोग्राममधली एक ओळ बदलली.
खरं तर एकशे चाळीस, पण सांगताना एकच:
टेकल्यावर लगेच पंखे थांबवू नकोस.
वजनाचा दहावा भाग दे. थांब.
पेरांखाली काही सरकतंय का, बघ.
बघ नव्हे,
पण दुसरं क्रियापद मला सुचेना.
सरकलं तर सोड, लाजू नकोस.
नाही सरकलं, तर आणखी थोडं.

मंगळवारी धुकं होतं.
मामा लोकरीची टोपी घालून आला, कुणी बोलावलं नव्हतं.
पडदा पांढरा. पंख्यांची घरघर लांब गेली,
मग ऐकू येईना.
फक्त आकडा.
शून्य. शून्य. चार.
शून्य.
सुन्नुवा म्हणाली, गेला.
मामा म्हणाला, नाही, विचारतोय.
तीन. पाच. पाच. नऊ.
चौदा.
चौदाच.

पंखे थांबले.
खाली शंभर मीटरवर लाटा,
आणि सव्वा किलोचं यंत्र
आपल्या बोटांवर बसलेलं, कुणालाच न दिसणारं.
माइकमधून एक गिलेमॉट करवादली, अगदी जवळून,
शेजारच्या खोलीत नवा भाडेकरू आल्यासारखी.

सुन्नुवानं टाळ्या वाजवल्या, मग थांबली,
आवाजानं तो उडेल असं तिला वाटलं बहुतेक.
मामानं थर्मास उघडला, ओतलं,
कप उजव्या हातात घेतला
आणि तसाच धरून राहिला.
आकडा सांग, म्हणाला.
चौदा, मी म्हटलं, अजून चौदाच.
तो नाही गं, म्हणाला. कॉफीचा.

मी कपाला बोट लावलं.
थांब जरा, म्हटलं.