लक्षणं

वसमतच्या पुढं कॅनॉल ओलांडला की आमचं गाव.
एकशे ब्याऐंशी घरं माझ्याकडं.
रजिस्टरात रकाने: ताप, खोकला, धाप,
बाहेरून कोण आलं, कुठून, कधी.
मानधनाचं विचारू नका.
मास्क मीच शिवला, जुन्या परकराचा.

दैवशालाचा नवरा चाकणहून आला,
थोडा चालत, थोडा टेम्पोनं, पुन्हा चालत.
हातावर शिक्का. कंपनी बंद.
चौथ्या दिवशी मी गेले तर ती दाराआडून म्हणाली,
"सगळे बरे हायेत."
पदर कानापर्यंत ओढलेला,
मे महिन्याच्या उन्हात.

त्याला रकाना नव्हता.
समासात पेन्सिलीनं एक टिंब दिलं.
पुढच्या फेरीला दुसरं.
सातव्याला टोक मोडलं.
मोडलं म्हणजे, मीच दाबलं.

तो उंबऱ्यात उभा राहायचा,
तिच्या तापाचं उत्तर तो द्यायचा,
तिच्या पाळीचंसुद्धा.
भिंतीला भिंत लागून गयाबाईचं घर.
"आवाज येतात माय, पण जावं कसं?
कुणाच्या घरी जाऊ नका, असं तूच सांगत हिंडायलीस."
यावर मला काही बोलता आलं नाही.

पोळा झाल्यावर मशीन आलं.
बोटाला लावायचं, कपड्याच्या चिमट्यासारखं.
मी म्हणाले, दादा, सहा फूट मागं व्हा,
जवळ कुणी असलं की आकडा चुकतो.
असं काही नसतं.
पण आजाराला तो भ्यायचा.
मागं सरला, पार लिंबाखाली गेला.

तिचं बोट माझ्या हातात.
नख काळंनिळं, दिवा त्यातून पलीकडं जाईना.
दुसरं बोट घेतलं. अठ्ठ्याण्णव.
"तुला ताप आहे," मी म्हणाले.
"न्हाई तर."
"आहे. एकशे एक."
ती बघत राहिली.
मग आत झोपलेल्या लेकराकडं पाहून, अगदी हळू:
"अन् याला?"
"यालाही."

शाईनं लिहिलं. खाडाखोड केली नाही.

मुलींच्या वसतिगृहात कक्ष होता.
डॉक्टर समरीनच्या काचेवर वाफ धरलेली.
"रिपोर्ट तर निगेटिव्ह आहे," त्या म्हणाल्या.
मग बाही वर सरकवली. दुसरी सरकवली.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
कागदावर लिहिलं: लक्षणं आहेत. ठेवून घ्या.
टोकाची खोली दिली, स्टोअरशेजारची, वारा येणारी.
तरी मी रात्रभर जागी,
धडधाकट बाई आजाऱ्यांत नेऊन ठेवली म्हणून.

ती मात्र झोपली.
दोन दिवस, जेवणापुरती उठून, नुसती झोपली.
त्याचे फोन मला: कधी सोडायले?
मी म्हणायची, आकडा वरखाली होतोय दादा.

अकराव्या दिवशी संरक्षण अधिकारी आल्या,
खिडकीच्या गजांबाहेर, लांब उभ्या.
तारखा विचारल्या. तिला एकही आठवेना.
मी रजिस्टर उघडलं, समासावर बोट ठेवलं.
सतरा टिंबं. प्रत्येकाशेजारी फेरीचा वार.

"काय झालं ते सांगा."
दैवशाला पुटपुटली.
"ऐकू येत नाही बाई, मास्क आहे ना. मोठ्यानं."
तिनं माझ्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं,
दारात कुणी नव्हतं.
मग बोलली.
व्हरांड्यातल्या खोकणाऱ्या बायका
खोकायच्या थांबल्या.