एकतीस तारखेची गोळी

डॉक्टर मगदूमांचा महिना तीस दिवसांचा.
कागदावर ते तसंच लिहितात, किती वर्षं झाली:
सकाळी एक, नाष्ट्यानंतर, एकूण तीस.
पंधराच्या दोन पट्ट्या, संपला हिशेब.
एकतीस तारखेचं काय,
हे अख्ख्या आष्ट्यात कुणी विचारत नाही.

माझं काम तेच कागद पुन्हा लिहायचं.
नाव, वय, नंबर, मागचीच औषधं,
खाली सहीपुरती जागा.
पूर्वी लोक केसपेपर आणायचे
पिशवीत वांग्यांच्या खाली चुरगळलेला.
आता रिकाम्या पट्टीचा फोटो येतो मोबाईलवर,
अर्धा उलटा, अंगठ्यासकट,
खाली एवढंच : हीच. दोन महिन्याची द्या.
पुण्याहून पोरं कळवतात, दादांच्या संपल्या असतील.
असतील.
दादा म्हणतात, डबा भरलाय की अजून.

लिहून लिहून एक कळलं,
मशीन सांगत नाही ते तारीख सांगते.
नेमिनाथ मास्तर एकोणतीसला हजर,
छत्री घेऊन, ऊन असो नसो.
चंदूअण्णा ढोले आधी पाचला यायचे, मग बाराला, आता वीसला.
मटणाच्या दिवशी गोळी नाही,
पाहुणे आले, गोळी नाही,
आज बरं वाटतंय म्हणूनसुद्धा नाही.
मी बोलत नाही.
समासात बारीक टिंब देतो.
डॉक्टरांना टिंब कळतं.

आक्काताई शिणगारेंचा महिना मात्र आखडत गेला.
चोवीस दिवस. मग वीस.
फाल्गुनात तर पंधरावरच आल्या.
टिंब कुठल्या बाजूला द्यावं तेच कळेना.
विसरून दोनदा घेत असतील?
चक्कर येऊन पडल्या म्हणजे?
खिडकीतून हळूच विचारलं,
मागं बाकावर निम्मी गल्ली बसलेली.
पदराच्या टोकाची गाठ सोडत त्या म्हणाल्या,
"एक मी घेती, एक ह्यास्नी देती.
त्येंचं बी डोकं तसंच धरतंय की.
दवाखान्यात चला म्हटलं तर
हळद कोण शिजवायची म्हणत्यात."

डॉक्टर ओरडले, माझ्यावर.
आक्काताईंवर ओरडायला त्यांना जमत नाही.
"एका कागदावर दोन माणसं?
रेशनकार्ड आहे काय हे, मुजावर?"
सही केली, पेन ठेवलं,
जरा वेळानं म्हणाले, आणा म्हणावं त्याला.

मी नवा केसपेपर काढला. चव्वेचाळीसशे सतरा.
महादेव तुका शिणगारे, वय अंदाजे सत्तर.
बाकी कोरा ठेवून
टेबलाच्या काचेखाली सरकवला.
आक्काताई पायरीवर उभ्या होत्या बराच वेळ,
पट्टी उन्हात धरून.
मोजत होत्या का वाटणी करत होत्या, कोण जाणे.

मलाही बीपी आहे, सांगायचं राहिलं.
माझा कागद मीच लिहितो, तीसच लिहितो,
दुसऱ्याला एक नियम आणि आपल्याला एक, बरं दिसत नाही.
त्या एकतीसला माझी पट्टी आदल्या रात्रीच संपलेली.
खालचा मेडिकलवाला अभिनंदन म्हणाला,
"मामा, देतो की एक सुटी कापून."
नको म्हटलं. कात्री नेमकी तारखेवरून जाते,
मग कळत नाही कधीपर्यंत चालायचं.
आठ वाजले तसं सवयीनं
नुसतंच पाणी प्यालो.

शटर ओढायला उठलो
तर बाहेर कुणीतरी सायकल लावत होतं,
हात कोपरापर्यंत पिवळे.
"शिणगारे मी. बायकू म्हणली,
नुसती सही करायची हाय."

बाही वर करा, म्हटलं.
आकडा नाही सांगत.
डॉक्टर चहा तसाच ठेवून उठले, एवढंच.

मशीनच्या पट्ट्यावरचा तो डाग
स्पिरिटनं पुसला, साबणानं पुसला.
आता येणारा प्रत्येकजण विचारतो,
हे पिवळं कशाचं?