सूप

सुपडू हे नाव, कारण त्याला सुपात ठेवलं होतं.
आधीची दोन गेलेली. सुईणीने हे तिसरं सुपात घेतलं,
उकिरड्यापर्यंत नेलं आणि परत आणलं,
नेणाऱ्याला वाटावं, टाकलेलंच आहे, कशाला न्यायचं.
नाहीच नेलं कोणी.
त्रेसष्ट वर्षं.

फॉर्मवर दोन रकाने होते, वय आणि मानसिक वय.
दुसऱ्यात मी सहा लिहिलं.
मग गुडघे, मोतीबिंदू, साखर, डावा कान
सगळं त्या सहा वर्षांच्या पोराच्या नावावर
लिहीत गेले.

माय रोज दिवा लावताना म्हणायची,
'कानबाई, मना पहिले एक दिन तरी याले लई जाय.'
मी चिडायचे तिच्यावर. तेव्हा मला कळत नव्हतं
की हे कुठलं मागणं आहे.
माय पौषात गेली,
त्याच्या ताटात भाकरी कुस्करता कुस्करता.

अमळनेरच्या बाहेर, चोपड्याच्या रस्त्याला, जिनिंगची जुनी शेड.
आता तिथे अकरा खाटा,
भिंतीला धरायला नळाचा पाइप,
आणि वारा सुटला की अजून कुठल्यातरी फटीतून
कापसाचा तंतू येऊन कोणाच्याही केसांवर बसतो.
सगळे तसेही पांढरेच.

सुपडूला एकच काम येतं, दादर निवडणं.
मायने शिकवलेलं. सहा महिने लागले होते.
सुरमीबाई पावरा त्याला सकाळी सूप देते,
दुपारपर्यंत तो खडे वेचून वाटीत ठेवतो.
एकदा मी मुक्कामी राहिले, तेव्हा पाहिलं:
रात्री सगळे झोपल्यावर ती वाटी घेते
आणि तेच खडे परत दाण्यांत मिसळते, हाताने, सावकाश,
पिठात मीठ मिसळावं तसे.
मी म्हटलं, हे काय?
ती म्हणाली, 'उद्या त्याला काय देऊ?'

शर्टाची बटणं लावायला त्याला चाळीसावं लागलं.
विसरायला एक हिवाळा पुरला.
मी शिवणकाम करते. सगळी बटणं उसवून वेल्क्रो लावलं,
बरणीत ठेवली बटणं, टाकवली नाहीत.

आखाजीला लेकी माहेरी येतात.
माझं माहेर आता अकरा खाटांचं.
घरी मायची घागर भरली, डांगर ठेवलं वर,
मग मांडे फडक्यात गुंडाळून दुपारच्या एसटीने गेले.
तो सूप घेऊन बसलेला.
जवळ गेले तर
खडे सुपात ठेवत होता
आणि दाणे वेचून वेचून बाहेर टाकत होता,
तितक्याच काळजीने, जीभ दातांत धरून.
समोर दोन कोंबड्या, एकदम लठ्ठ.

मी त्याचा हात धरायला गेले.
सुरमीबाईने माझा धरला.
'करू द्या. काम तेच आहे.'

'माय उनी का?' त्याने विचारलं.
ऐकू येणाऱ्या कानाशी वाकून मी म्हटलं, 'मी उनू.'
त्याने बराच वेळ पाहिलं माझ्याकडे,
दाण्याकडे पाहतो तसं.
मग माझा तळहात उघडला,
त्यात एक खडा ठेवला
आणि मूठ
त्याने स्वतः मिटवली.

एसटीत कंडक्टरला सुटे देताना
तो पैशांबरोबर निघाला.
'हे काय ताई?'
मी परत घेतला.