कोपरापासून चार बोटं खाली

घर घेण्यात सगळं गेलं. फंड, आईच्या पाटल्या,
आणि भाचीच्या लग्नात द्यायचं म्हणून बाजूला ठेवलेलं ते.
तिला सांगितलं तर हसली, म्हणाली, मावशी, राहू दे गं.
उरले अकरा हजार चारशे
आणि जनकगंजातल्या या दोन खोल्या.
स्वयंपाकघर म्हणजे एक मोरी, दोन कोनाडे,
धुरानं काळं पडलेलं पटियांचं छत,
आणि माझा हात पोचणार नाही इतक्या उंचावर
भिंतीत एक खिळा.

इथे बसून रांधत असावेत.
चुलीची जागा जमिनीवर अजून दिसते.
माझे गुडघे हल्ली बसण्याआधीच
उठायचं कसं ते विचारतात.

लोहिया बाजारामागे मुन्ने खाँची भंगाराची वखार.
तिथे बंद पडलेल्या दवाखान्याचं लोखंडी रॅक मिळालं,
पांढऱ्या रंगाचे पोपडे, कडेला लाल अक्षरांत 'पट्टियाँ'.
तो साडेआठशे म्हणाला. मी सहाशे म्हटलं आणि चालू लागले.
"बाईसाब, सात सौ. दवाई की बास मुफ़्त."
वास खरंच येतो. तूरडाळीची अजून तक्रार नाही.

बरण्या गोळ्याबिस्किटांच्या, किराणावाल्याकडून, पंधराला एक.
झाकणं एकाची दुसरीला.
पातेली मोडीतली, वजनावर. एकाच्या बुडावर कुणाचं तरी नाव,
'चि. सौ. कां.' इतकंच वाचता येतं, पुढचं घासून गेलंय.
नळ मात्र नवा, चारशे तीस.
कढई पुढच्या महिन्यात.

एकोणतीस वर्षं भूगोल शिकवला.
भिंडला स्टोव्ह खाटेखाली असायचा.
मुरैन्याला घरमालकिणीचा ओटा, संध्याकाळी सातनंतर अर्धा तास.
मग भावाकडे अकरा वर्षं.
वहिनी वाईट नव्हती, हे आधीच लिहिते.
फक्त साखरेचा डबा कुठे आहे
हे मला दर दिवाळीनंतर नव्यानं विचारावं लागे.

दगड आणला भगवानलाल कुशवाहनं,
मातकट गुलाबी फर्शी, एक टोक उडालेलं,
म्हणून अर्ध्या भावात.
ऊँचाई कितनी, त्यानं विचारलं.
मी म्हटलं, असते तेवढी.
"किसकी होती है उतनी?"
मला उत्तर आलं नाही.
मग म्हणाला, हात मोडो, बाईसाब, जैसे आटा गूँथ रही हो.
मी रिकाम्या खोलीत, हवेत, कणीक मळत उभी राहिले.
कोपरापासून चार बोटं खाली
त्यानं भिंतीवर कोळशाची रेघ ओढली.
बत्तीस इंच.
समुद्रसपाटीपासून ग्वाल्हेर किती उंच
हे मी किती पोरांकडून घोकून घेतलं असेल.
माझ्या कोपराची उंची
कुठल्याच पुस्तकात नव्हती.

ओटा सुकायला चार दिवस. चार दिवस बाहेरची पोहे-जिलबी,
तेही हिशेबात लिहिलं.
पाचव्या दिवशी दूध उतू घातलं, रीत म्हणून.
बघायला कुणी नव्हतं. शेजारची मुलगी
चेंडू मागायला आली तेवढीच.
दूध फसफसलं, बर्नरवर चर्र झालं,
शेगडीखालून बाहेर पडलं
आणि सरळ येण्याऐवजी डावीकडे निघालं,
तुटक्या टोकापर्यंत, तिथून थेंब थेंब मोरीच्या वाटेला.

म्हणजे दगड ढळलाय.
भगवानलालला बोलवावं का? बोलवलं तर चहा द्यावा लागेल,
आणि साखर मला माहीत आहे कुठे आहे,
वरून दुसरा खण, 'पट्टियाँ'च्या मागे.
पण शिल्लक आहे दोनशे दहा.

दगडाची पावती चार घड्या करून
शेगडीच्या डाव्या पायाखाली घातली.
आता डुगडुगत नाही.
खिळ्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.