डाव्या पायाचं लोखंड

रोमुआल्ट स्किबाला मी एकूण तेवीस तळ करून दिले,
सगळे डाव्या पायाचे.
पोलादी पत्रा तापवायचा, ठोकायचा,
त्याच्या बुटाच्या घाटात वाकवायचा,
खालून कडक वेल्डिंगची साय धरायची.
उजव्या पायाला तिथे काही लागत नाही.

पहिल्या वेळी सोळाचा होता, आईबरोबर आला.
ती बिटाच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर.
तिनं तळ हातात घेतला, म्हणाली, नऊशे ग्रॅम.
मी काट्यावर टाकला: नऊशे दहा.
मग विचारलं, ब्रेक कुठल्या पायात?
मी एउगेनिउश मेकॅनिककडे बघितलं,
तो स्पार्क प्लग पुसायला लागला.
बाई, ब्रेक नसतो.
गियर एक, फेऱ्या चार, पोरंही चार,
आणि डावीकडे वळायचं तर हँडल उजवीकडे.
तिनं तळ खाली ठेवला, आवाज न करता,
जणू आत कुणी झोपलंय.

स्किबा म्हणजे आमच्या भाषेत नांगराचा तास.
आडनावाला जागला पोरगा.
मागच्या चाकानं माती अशी उपटायचा
की तिसऱ्या रांगेतल्या बिअरमध्ये खडी.
लोक बोटानं काढायचे आणि प्यायचे.
एक शर्यत म्हणजे मिनिटभर, वर थोडं.
त्याची एकोणीस वर्षं एकाला एक जोडली
तर दोन दिवससुद्धा भरत नाहीत.
बाकीचं सगळं व्हॅनमध्ये गेलं:
मंगळवारी स्वीडनची बोट, शुक्रवारी परत,
मिथेनॉलच्या वासात झोप,
गळपट्टीचं हाड चारदा,
चौथ्यांदा तर डॉक्टरनं नावही विचारलं नाही.

झिजलेले तळ तो माझ्याकडे टाकून जायचा, मी ते वाचायचो.
टाचेकडे झिजला असेल तर भ्यालाय,
चवड्याकडे, तर कर्ज काढून नवं इंजिन घेतलंय.
सतरावा मात्र वर्षभर वापरून आला
आणि माझ्या वेल्डिंगच्या रेघा
होत्या तशाच.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या वळणावर,
त्याचं पुढचं चाक फाबियान व्रूशच्या मागच्या चाकाला लागलं.
लागलं की लावलं, यावर गावात अजून दोन खानावळी आहेत.
रोमुआल्ट उठला, कपडे झटकले.
फाबियान कुंपणाशी उताणा,
हेल्मेट पिवळं, आकाशाकडे बघत, शांत,
पाय कुणाचे आहेत असं विचारत.

मग शून्य, शून्य, एक, शून्य.
पाय टेकवतच नव्हता तो,
वळणावर गॅस सोडायचा, चौथा यायचा,
आणि जिथे ब्रेक नाही तिथे
गॅस सोडणारा माणूस मागच्यासाठी भिंत असतो.
हे मी त्याला सांगायला हवं होतं.
मी फक्त तळ परत केला, पैसे घेतले नाहीत.
रात्री अकराला दार वाजलं.
म्हणाला, जाड कर. दुप्पट जाड.
का, ते मी विचारलं नाही.
पुढे सहा हंगाम पळाला,
दोनदा संघात पहिला, एकदा राष्ट्रीय अंतिम फेरीत सहावा,
पेपरात फोटो: माती, माती, आणि मधे एक डोळा.

आता शाळेची बस चालवतो. हिला ब्रेक आहे.
पहिल्या आठवड्यात लाल दिवा दिसला
की डावा पाय आपोआप दाराकडे जायचा.
पोरं हसायची, तोही.
चालताना अजून तो पाय जरा ओढतो,
फरशीवर कानाला ओळखू येतो.

काल आला तसाच ओढत,
हातात व्हीलचेअरच्या पायपट्ट्या, दोन्ही,
सांध्यापाशी तडकलेल्या.
फाबियानच्या? मी विचारलं नाही.
दर रविवारी कुठे जातो ते सगळ्यांना माहीत आहे,
तिथे आत काय बोलतात ते कुणालाच नाही.
मी भट्टी लावली.
तो बाकावर बसला, आईसारखा,
एक पट्टी तळहातावर तोलत.
चारशे, म्हणाला.
मी काट्यावर टाकली नाही.
हे काम त्या तेविसात धरलेलं नाही.