रोजचे पंधरा

गोळीबार चौकाच्या मागं आमचं दुकान.
मे महिन्यात तिथं टेकायलाही जागा नसते :
पत्रे, पंप, पंख्यांची पाती,
वूडवूलच्या गठ्ठ्यांना येणारा ओल्या लाकडाचा वास.
मोटरची खोकी फोडून मी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापते.
एका बाजूला इंग्रजी, पाठीवर मराठी.
रोजचे पंधरा, रविवारी तीस.

बर्डीच्या क्लासमधले पोफळी सर म्हणतात,
शब्द घोकू नका,
त्याला एक माणूस नेमून द्या.

नेमली मग माणसं.
गॅरुलस गेला समोरच्या हेडाऊ काकूंकडे,
ज्या विरजण मागायला येतात
आणि दूध नासेपर्यंत बोलतात.
फ्रुगल आईचा. जुन्या साबणाची चिपटी
नव्या वडीला चिकटवताना तिचा अंगठा बघावा.
ऑब्ड्युरेट, म्हणजे हट्टी, वळत नाही असा :
तो भाऊ होणार होता, पण लूनाची किक जास्त लायक निघाली.
ऑप्युलंटला मात्र आमच्या गल्लीत कुणीच मिळेना.
शेवटी तो मी धरमपेठेतल्या एका कुत्र्याला दिला,
ज्याच्या खोलीत बाबांनी वेगळा कूलर बसवला होता.

लॅकॉनिक बाबांचा.
खरं तर हा शब्दच
त्यांच्या एका दिवसाच्या बोलण्याहून लांब आहे.

नवतपा लागला. सेहेचाळीस पॉइंट दोन.
खरबी रोडला दुसऱ्या मजल्यावर, खिडकीबाहेर,
बाबा घोडीवर उभे, मी खालून स्क्रू देत होते.
एक हात स्क्रूंचा, एक पट्ट्यांचा.
वरून आवाज आला,
"काय वाचून राहिली?"
मिटिगेट, म्हटलं.
"म्हंजे?"
म्हणजे बाबा, तीव्रता कमी करणं.
गोष्ट जात नाही, असतेच,
पण माणसाला सोसवेल इतकी होते.

त्यांनी दातातला स्क्रू काढला, बसवला, पिळला.
पाईप जोडला. पंप सुरू झाला.
गवतावरून पाणी उतरायला लागलं
आणि आतल्या म्हातारबाबांनी डोळे मिटले.
घोडीवरून उतरून, हात पुसून झाल्यावर
बाबा म्हणाले,
"म्हंजे कूलरच ना."

पट्टीच्या पाठीवरचा अर्थ
मी तिथंच खोडला.

परीक्षा हिंगणा रोडच्या कॉलेजात झाली.
हॉलमध्ये एसी, मला थंडी वाजली.
मिटिगेट आलाच नाही.
इतक्या पुठ्ठ्यातून आले फक्त सात,
हेडाऊ काकू तर विरुद्धार्थी म्हणून आल्या,
मी पेपरात खुदकन हसले, बाईंनी पाहिलं.
एका शब्दाला माझ्याकडे माणूसच नव्हता.
तो सोडून दिला.

निकाल लागला : वेटिंग, एकशे बारा.
"वेटिंग म्हंजे?" बाबांनी विचारलं.
वेटिंग म्हणजे वेटिंगच.
त्यांनी मान हलवली. गिऱ्हाइकाचा फोन आला.

जुलैत कूलर परत येतात,
सहा महिने ठेवायला, महिन्याला शंभर रुपये.
कुणाचा कोणता, ही खूण लागते.
बाबांना माझ्या पट्ट्या सापडल्या,
सुतळीनं बांधल्या एकेकाला, मराठी बाजू वर.
आता गोदामात एकावर एक रचलेले
हट्टी, बडबडे, काटकसरी, क्षणभंगुर.
कुत्र्याचा कूलर सगळ्यांत वर, ऐश्वर्यसंपन्न.
एकाच्या पट्टीवर नुसती खोडाखोड.
तो खरबी रोडचा, तो त्यांना पाठ आहे.

मी पहिल्यापासून सुरू केलंय. नवं खोकं, नवी सुरी.
अ च्या पानावर असते,
तोच गोदामातून हाक येते,
आजची पहिली आणि बहुतेक शेवटची :
"क्षणभंगुरवाल्या मॅडमचा पंप दे."