बिल्ल्याचं माप

मालवणात भरड नाक्यावर माझं दुकान.
पाटीवर आता नुसतंच 'टेलर' उरलंय,
'बस्त्याव' खाऱ्या वाऱ्याने खाल्लं.
नौदलातून उतरलेले, फौजेतून परतलेले
पेन्शनीच्या समारंभाला माझ्याकडे कोट शिवतात,
त्यामुळे छातीवरची चिन्हं मला पाठ आहेत.
पाणबुडीवाल्यांचे मासे, छत्रीवाल्यांचे पंख,
आणि कुठलं कशाला मिळतं तेही.
पाण्याखाली किती दिवस, विमानातून किती उड्या,
सगळं मोजून.

दांडीवरच्या भिकाजी मेथराची सुलक्षा
हवाईदलात ग्रुप कॅप्टन.
नवीन विमान आलं की आधी ही उडवून बघणार, मग बाकीचे.
चार वर्षं अंतराळाच्या शिकवणीला होती.
गरगरत्या खुर्चीत ओकली, बर्फात रात्री काढल्या,
माझ्या ट्रायल रूमएवढ्या डब्यात महिना राहिली.
पेपरात फोटो आला त्या दिवशी
मी काळी मखमल ताणली रिंगवर.
दोन पंख, मधे तारा,
ताऱ्यातून वर निघालेली सोनेरी जरीची रेघ.
सात रात्री लागल्या. डावा पंख दोनदा उसवला.

शिमग्याला ती आली.
बिल्ला तळव्यावर घेऊन उभी राहिली,
मासळीचा वाटा जोखावा तशी.
"बस्त्यावकाका, ह्यो माका लावूक येवचो नाय."

माझाच खडू उचलून
तिने कटिंगच्या टेबलावर आडवी रेघ मारली.
हिच्यापलीकडे जाऊन आलं, तरच.
कुठे ही रेघ ऐंशी किलोमीटरवर धरतात, कुठे शंभरावर,
एका आभाळाला दोन टेपा.
शिकलीस, पास झालीस, सूट अंगावर चढला,
यादीत नाव लागलं,
सगळं अलीकडचं.
ती राखीव होती. तिघं वर गेले,
ही जमिनीवर, कानाला यंत्र लावून.

"शंभर म्हणजे गो किती?"
"हयसून पणजी. फक्त रस्तो उभो करूचो."
पणजीला मी महिन्यातून एकदा जातो, जरीची रिळं आणायला.
पहिली एसटी धरली
तर दिवेलागणीच्या आत घरी.
कुणी मला कधी बिल्ला दिला नाही,
असं मी म्हणालो. ती हसली. खरं तर हसली नाही.

भिकाजी स्टुलावर बसला होता.
चाळीस वर्षं इंजिनाशेजारी, डावा कान गेलेला,
मला वाटलं ऐकत नाहीये.
म्हणाला, आमच्यात कागद नव्हता.
पोरगा होडीवर यायचा, भात शिजवायचा, जाळं ओढायचा,
मागे किनाऱ्यावरचा डोंगर दिसतो तोवर तो नुसतं ओझं.
मग डोंगर पाण्यात बुडतो.
तेव्हा म्हातारे विचारायचे, "डोंगर बुडालो काय रे?"
"म्हणजे तीच रेघ," मी म्हटलं.
"नाय. बुडताना कोणय बघता.
परत येताना तो नाळेसमोर वर कोणी काढलो,
ता इचारूचा."

सुलक्षाने बापाकडे पाहिलं नाही.
परतीच्या रात्री वरच्या तिघांना
आकडा आकडा सांगत समुद्रात उतरवलं
ते तिनेच. पेपरात ते नव्हतं.
मला तिच्या आईने सांगितलं, मासळी बाजारात.
"बाबा, नियमात तसा काय नाय," एवढंच बोलली,
आणि मला, "रेघ तेवढी काढा. पंख रवांदे."

मी ब्लेडने एकेक टाका सोडवला.
जर निघाली. मखमलीवर भोकं राहिली,
तिरकी, ताऱ्यापासून वर.
मखमल इस्त्रीला बधत नाही, तिला सगळं आठवतं.
बिल्ला बटणांच्या खणात आहे.
पुढचं उड्डाण कधी, तिलाही माहीत नाही,
आणि वय पँटच्या कमरेसारखं,
एका मापावर थांबत नाही.

टेबलावरची खडूची रेघ मी पुसलेली नाही.
तिच्यावरच कापड पसरून
परवा पोस्टमास्तरांच्या दोन पँटी बेतल्या.
एकीचा पाय अर्धा इंच आखूड झाला.